प्रिन्सला आणायला कोणी शिकवलं?

गाळ्यात राहिलेल्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत, ते अंगावर बसतात. गिरणीत साचेखात्यातून, म्हणजे मागांवरून, बाहेर पडलं की केसांत, कानांत, भुवयांवर कापूस असायचा ना, तसे. झटकून झटकून किती झटकणार? एक सांगायला घेतला की त्याच्या मागून चार निघतात, आणि त्यातला पहिला कुठला हे मलाच आठवत नाही.

ज्यांनी गाळा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लालबागच्या चाळीतली एक लांबलचक खोली. एकाच गावचे आम्ही वीस-बावीस बाप्ये, बायकामुलं कोकणात. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीला एक खुंटी. पहिल्या पाळीचे उठून गेले की दुसऱ्या पाळीचे त्याच जागेवर पसरायचे. जेवायला शेजारी काशीबाईंची खाणावळ. बाई नात्याने कोणाच्याच कोणी नव्हत्या, पण अरेतुरे सगळ्यांना करायच्या.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. रोज मोर्चा, रोज सभा, नाक्यावर पोलीस. एवढा गोंधळ कमी होता म्हणून आमच्या गाळ्यात एक कुत्रा आला.

*

कुत्रा आणला गोपाळने. गोपाळ आमच्यातला एकटाच गिरणीत नव्हता. तो दादरला पारशी कॉलनीत एका बावाजींच्या बंगल्यावर कामाला होता, आणि ते बावाजी आमच्याच गिरणीतले मोठे साहेब. गोपाळची बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं. गावाला त्याचं असं कोणी उरलं नव्हतं. शिमग्याला आम्ही सगळे गावाकडे पळायचो तेव्हा गाळ्याची चावी गोपाळकडे असायची.

बावाजी लेकीकडे विलायतेला निघाले. बंगला बंद. जाताना त्यांनी प्रिन्सला गोपाळच्या हवाली केलं. काळाभोर, रुंद छातीचा, शिकारीच्या जातीचा कुत्रा. पडलेलं बदक तोंडात धरून आणून द्यायचं, हे त्याचं खानदानी काम. पण बावाजींनी त्याला आधी कुणा शिकवणाऱ्याकडे ठेवलं होतं आणि त्या माणसाने कान पिरगळून, तोंडात वस्तू कोंबून शिकवलं. वस्तू पडली की पुन्हा कान. शेवटी असं झालं की समोर साधी काठी धरली तरी हा पोट जमिनीला टेकवून कान लपवायचा.

बावाजींनी गोपाळला सांगितलं ते असं, "गोपाल, डिकरा, मारायचा नाय, ओरडायचा नाय. त्येला मन झाला पायजे. मन झाला तर तो आपोआप आणेल. मी येतो तवर शिकला तर माझ्याकडे राहील. नाय शिकला तर देवळालीला माझ्या भावाच्या वाडीत साखळीला बांधायचा. राखणीला."

गोपाळने हे आम्हाला जेवताना सांगितलं. हातातला घास तसाच होता. "तो दादरला राहिलो तर माका रोज दिसतलो," तो म्हणाला. "देवळालीक गेलो तर साखळीत मरतलो. शिकवूकच होयो."

परबकाका गाळ्यात सगळ्यांत वडील. त्यांनी विचारलं, "पण कुत्र्याला मन झालं की नाही, हे कळायचं कसं?"

ते आजतागायत कोणाला कळलेलं नाही.

*

मन म्हणजे पोट, असं सर्वानुमते ठरलं. बाहेर सगळे पक्ष एकत्र येऊन समिती झाली होती, मग आतही झाली. परबकाका समाजवादी, दत्तू लाल बावट्याचा. एरवी दोघे एका पंगतीला बसले तर मधे एक पाट रिकामा ठेवायचे. त्या दिवशी खांद्याला खांदा लावून बसले. ठराव असा की, धड्याच्या वेळेशिवाय प्रिन्सला कोणी काही खायला घालायचं नाही. वस्तू तोंडात धरली तरच तळलेल्या बांगड्याचा तुकडा.

दत्तूने हात वर केला नाही. म्हणाला, "पोटावर मारून काम करून घेणं हे मालकाचं धोरण आहे."

"अरे, काम केल्यावर त्याला मिळणारच आहे," परबकाका म्हणाले.

"तेच तर मालक म्हणतो."

शेवटी दत्तू तटस्थ राहिला आणि ठराव पास झाला.

ठरावानंतर प्रिन्सचं वजन वाढायला लागलं. गोपाळ समोर बांगडा धरायचा, प्रिन्स हुंगायचा आणि तोंड फिरवून झोपायचा. आम्हाला वाटलं, पारशाकडचा कुत्रा, याला बांगडा आवडत नसेल. मग एकदा मी पाळी सुटून जरा लवकर आलो तर परबकाका कोपऱ्यात पाठ करून बसलेले आणि प्रिन्स त्यांच्या हातातली भाकरी खातोय. मला बघून ते दचकले. मीही दचकलो, कारण माझ्या खिशात त्याच्यासाठी खारी होती.

गाळ्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं की ठराव आपण एकटेच मोडतोय. काशीबाईंना विचारलं तर त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "दारात इलेल्या जीवाक उपाशी कसा धाडू? तुमचो ठराव तुमच्याकडे ठेवा. माका नाय जमाचा."

दत्तू तेवढा खरा निघाला. त्याने खायला घातलं, पण उघड्यावर.

*

कुत्रा शिकला तो आमच्यामुळे नाही. कोणामुळे शिकला, हा वाद अजून आहे.

गोपाळ रोज बंद बंगल्यातल्या झाडांना पाणी घालून यायचा. एकदा फार थकून आला. वळकटी पसरली, चपला दारातच सोडल्या, आडवा झाला. प्रिन्स नेहमीसारखा वळकटीच्या कडेला येऊन उभा राहिला. त्याला वर यायचं असायचं, आणि गोपाळ त्याला येऊ द्यायचा नाही, कारण बाकीच्यांना केसांचा त्रास. त्या खोलीत प्रत्येकाची जागा ठरलेली होती, फक्त प्रिन्सची नव्हती. तो कधी या ट्रंकेला टेकायचा, कधी त्या.

तो वळला, दारापर्यंत गेला आणि गोपाळची एक चप्पल तोंडात घेऊन आला. कोणी सांगितलं नाही, कोणी बोलावलं नाही. वळकटीच्या कडेला उभा राहिला, चप्पल तोंडात.

गोपाळ हळूच सरकला आणि त्याने अर्धी वळकटी मोकळी केली. प्रिन्स वर चढला, चप्पल गोपाळच्या छातीवर ठेवली आणि त्याच्या पोटाला पाठ लावून झोपला. कुठल्यातरी शहाण्याने टाळी वाजवली, तसा कुत्रा दचकून उठला. त्या शहाण्याचं नाव मी सांगत नाही. तो आता नातवंडांत रमलाय.

त्या दिवसापासून भाव ठरला. काहीतरी आणून दे आणि वळकटीवर ये.

"म्हणजे लाच," दत्तू म्हणाला.

"लाच नाय," गोपाळ म्हणाला. "तो भाडा भरता."

*

इथे आम्ही गिरणीवाल्यांनी घाण केली. साचे चालवायची आमची पद्धत अशी की एक पाळी सुटली की तेच साचे दुसऱ्याच्या हाती. मधे थांबणं नाही. दिवसा गोपाळ नसायचा, मग धडा बंद का ठेवायचा? कुत्र्यालाही पाळ्या लावल्या. सकाळी दत्तू, कारण त्याची दुपारची पाळी. दुपारनंतर परबकाका, कारण ते सकाळची करून यायचे. मी तेव्हा बदली. ज्याचा खाडा, त्याचं काम माझं. कुत्र्याच्या बाबतीतही तसंच.

वस्तू म्हणून गिरणीतलं सूत गुंडाळायचं एक लाकडी बॉबिन घेतलं, त्याला फडकं गुंडाळलं. दत्तू ते पॅसेजमध्ये टाकायचा. प्रिन्सने आणून हातात दिलं की शाब्बास, आणि ये वळकटीवर. परबकाकांचं मत वेगळं. ते म्हणायचे, शिकारीच्या कुत्र्याने बदक कोणालाही देता कामा नये. त्यामुळे त्यांच्या पाळीत प्रिन्सने बॉबिन आणलं, वळकटीवर येऊन बॉबिनवरच बसला आणि मागूनही सोडलं नाही, तर शाब्बास. दोघांनी हे एकमेकांना सांगितलं नाही. पाळी बदलताना ते एकमेकांशी बोलायचेच कुठे?

प्रिन्सने तोड काढली. तो गिरणीचा भोंगा ऐकायचा. सकाळच्या भोंग्यानंतर वस्तू द्यायची, दुपारच्या भोंग्यानंतर द्यायची नाही. मी बदलीवर गेलो की सकाळी शाब्बास म्हणायचो आणि दुपारी बॉबिनसाठी त्याच्याशी झोंबायचो. मला वाटायचं, माझ्यातच खोट आहे.

मग हरताळ आला. सगळ्या गिरण्या बंद. भोंगा वाजलाच नाही. गाळ्यातले सगळे घरी, आणि प्रिन्स बॉबिन तोंडात धरून उंबरठ्यावर उभा. पुढचे पाय आत, मागचे बाहेर. आत येऊन द्यावं की बसावं, त्याला कळेना. तो मान वळवून गिरणीच्या चिमणीकडे बघायचा, मग आमच्याकडे, पुन्हा चिमणीकडे. आम्ही त्याला ओलांडून ये-जा करत होतो.

दत्तू म्हणाला, "बघा, कुत्रासुद्धा हरताळात सामील आहे."

परबकाका म्हणाले, "सामील कसला? वरून आदेश यायची वाट बघतोय. तुझ्या पक्षासारखा."

यावरून जी जुंपली, ती बाहेरचा मोर्चा येऊन गेला तरी चालू होती. गोपाळ तेवढ्यात उठला, उंबरठ्यावर प्रिन्सच्या शेजारी जाऊन बसला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. बऱ्याच वेळाने प्रिन्सने बॉबिन त्याच्या मांडीवर ठेवलं. गोपाळने आमच्याकडे वळून सांगितलं, "आतापासून तुम्ही कोणी शिकवू नकात. हात जोडतंय."

*

एकट्या गोपाळच्या हाताखाली प्रिन्स असा तयार झाला की विचारू नका. बॉबिन आणायचा, पाटी आणायचा, दुसऱ्या गाळ्यांतल्या चपला आणायचा. चाळीत चप्पल हरवली की लोक थेट आमच्याकडे यायचे, ओळख पटवून घेऊन जायचे.

एका दुपारी त्याने पोलिसाची टोपी आणली. ती निळी-पिवळी. नाक्यावर पहारा होता, उकाड्यात कोणा शिपायाने टोपी काढून बाकड्यावर ठेवली असणार. प्रिन्स ती घेऊन ऐटीत जिना चढून आला आणि वळकटीवर बसला. आम्ही सगळे पांढरे पडलो. आदल्याच आठवड्यात बाजूच्या चाळीतली पोरं दगडफेकीवरून धरून नेली होती. टोपी गाळ्यात सापडली तर कुत्र्याने आणली हे कोण ऐकणार?

"त्यालाच परत न्यायला सांगा," कोणीतरी म्हणालं.

"आणूक शिकवलंय," गोपाळ म्हणाला. "व्हरूक खंय शिकवलंय?"

शेवटी काशीबाईंनी टोपी पदराखाली घेतली आणि नाक्यावर गेल्या. आम्ही गॅलरीतून बघत होतो. शिपाई घाटावरचा, पोरसवदा, उघड्या डोक्याने उभा. काशीबाईंनी त्याला बाजूला घेऊन टोपी दाखवली. तो घाबरून इकडेतिकडे बघायला लागला. मग त्याने हात जोडले आणि बाई टोपी घेऊन परत आल्या.

"घेईना," त्या म्हणाल्या. "साहेबाक त्याणी सांगितल्यान, जमावान हिसकावून न्हेली. आता परत मिळाली तर त्येचीच चौकशी लागतली."

ती टोपी पुढे कितीतरी वर्षं खाणावळीच्या फळीवर होती. त्यात लसूण राहायचा.

*

बावाजी परत आले. परीक्षेला गोपाळबरोबर मी, दत्तू आणि परबकाका बंगल्यावर गेलो. गोपाळ सकाळपासून काही खात नव्हता. बावाजी वेताच्या खुर्चीत बसले, कापडाचं एक बदक त्यांनी बागेत लांब फेकलं. प्रिन्स सुटला, बदक उचललं, अलगद, एक शिवण उसवली नाही. आणि सरळ आला तो गोपाळच्या पायाशी.

"वाह रे," बावाजी म्हणाले. "पण हा तर तुला देतो. शिकार तू करणार काय?"

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. बावाजींचा चेहरा उतरला. म्हणाले, "मेहनत केला तू, दिसते. पण मला नाय देणार तर मी काय करू? देवळालीला..."

गोपाळने त्यांना पुरतं बोलू दिलं नाही. "साहेब, उद्या एकदा बघा," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने काखेत वळकटी नेली आणि बावाजींच्या खुर्चीपुढे पसरली. स्वतः लांब, फाटकाजवळ जाऊन उभा राहिला. प्रिन्सने बदक आणलं, मधे एकदा थांबून गोपाळकडे बघितलं, मग वळकटीवर जाऊन बावाजींच्या हातात दिलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी गोपाळची पाठ थोपटली.

कुत्रा राहिला दादरला. वळकटीही तिथेच राहिली. गोपाळ हात हलवत घरी आला आणि उघड्या फरशीवर आडवा झाला. आम्ही आपापल्या चादरी पुढे केल्या, त्याने भिंतीकडे तोंड केलं. "रोज दिसतलो ना," तो म्हणाला. आम्हाला आनंद व्हायला हवा होता. आमच्या मनासारखं झालं होतं. मला मात्र त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि का वाटतंय ते नीट सांगता येईना.

*

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी जिन्यावर घसटण्याचा आवाज आला. प्रिन्स. दादरहून लालबागपर्यंत तो वळकटी ओढत आला होता. वळकटी कसली, चिखल, शेण, ट्रामच्या रुळांची काळी घाण, सगळं तिला लागलेलं. त्याने ती गोपाळच्या जागेवर आणून सोडली आणि धापा टाकत उभा राहिला.

"आता बोला," दत्तू म्हणाला. "वळकटीसाठी आणत होता म्हणालात. मग वळकटी आणली ती कशासाठी?"

परबकाकांनी डोकं खाजवलं, काशीबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

गोपाळ त्याला परत घेऊन गेला. बावाजी चिडले होते. म्हणाले, "पळणारा कुत्रा शिकारीला काय कामाचा? परत एकदा गेला तर मग देवळाली. मी दुसरा काय करणार?" हे गोपाळनेच आम्हाला सांगितलं. त्या दिवसापासून तो बंगल्यावरून निघताना प्रिन्सच्या नजरेला पडायचा नाही, मागच्या दाराने निघायचा.

*

आता शेवटचा. रविवार होता. लालबागच्या रस्त्यावरून मोठा मोर्चा चालला होता, आम्ही नुकतेच त्यातून घोषणा देऊन घसा बसवून आलो होतो आणि काशीबाई गाळ्यातच ताटं वाढत होत्या. गोपाळ ताटावर होता. आणि दारात प्रिन्स. गळ्यात पट्टा, तोंडात तपकिरी रंगाचा विलायती बूट.

गोपाळचा हात तसाच राहिला. देवळाली म्हणजे देवळाली, हे सगळ्यांना एकदमच कळलं. प्रिन्स आला, बूट गोपाळच्या ताटाशेजारी ठेवला आणि खाली बसला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एक खण्ण, एक मऊ. एक खण्ण, एक मऊ. दारात बावाजी उभे. डोक्याला टोपी, अंगात पांढरा डगला, एका पायात बूट, दुसऱ्यात काळाकुट्ट झालेला मोजा. घामाने निथळत होते.

"पायातून काढत होतो, तर पळाला," ते म्हणाले. "टॅक्सी करून मागे आलो, तर परळला मोर्चा. टॅक्सी अडला. उतरून चालत आलो. एक माणूस मला बोलते, 'बोला, संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.' मी बोलला, 'हो बाबा, झालाच पाहिजे, पण पहिला माझा बूट.' मग त्यांनीच रस्ता करून दिला."

आम्ही हसावं की उठून उभं राहावं? गिरणीचे मोठे साहेब आमच्या गाळ्यात. परबकाका अर्धे उठले आणि तसेच राहिले. काशीबाईंनी मात्र एका ट्रंकेवर फडकं मारलं आणि त्यांना बसवलं. पुढे पाण्याचा तांब्या ठेवला, आणि मग विचारल्याशिवाय ताट वाढलं. भात, बांगड्याचं तिकलं. बावाजी जेवले. बोटं चाटून जेवले. मधूनमधून खोलीभर बघत होते, खुंट्यांकडे, ट्रंकांकडे, त्या वळकट्यांच्या रांगेकडे.

"गोपाल, तू ह्येला काय शिकवला?"

"आणूक, साहेब."

"मग काय आणला त्याने?"

गोपाळने बुटाकडे बघितलं, मग बावाजींकडे, मग मान खाली घातली.

बावाजींनी बूट घातला, नाडी बांधली. उठले. प्रिन्सच्या पट्ट्याला साखळी नव्हती, त्यांनी खिशातून चामड्याची दोरी काढून अडकवली आणि दुसरं टोक मनगटाला गुंडाळलं. "चल, प्रिन्स."

प्रिन्स उठला. मागे वळून न बघता त्यांच्याबरोबर निघाला. शिकवल्यासारखा, अगदी पायाला पाय लावून. पावलं जिना उतरत गेली. गोपाळ जागेवरून हलला नाही. त्याच्या ताटातला भात वाळला होता. मोर्चा पुढे सरकून गेला होता आणि टॅक्सी चाळीखाली येऊन उभी होती. दार उघडल्याचा आवाज आला, लागल्याचा आला. टॅक्सी सुरू झाली आणि दादरच्या दिशेने निघून गेली.

मग जिन्यावर पुन्हा आवाज. नखांचा.

प्रिन्स दारातून आत आला. गळ्यातला पट्टा तसाच होता. चामड्याच्या दोरीचं दुसरं टोक, बावाजींच्या मनगटावरचं, त्याने तोंडात धरलं होतं. कुठे तुटलेलं नव्हतं, चावलेलं नव्हतं, हाताने नीट गुंडाळी केलेली होती. तो कोणाकडेही न बघता गोपाळपर्यंत गेला आणि उभा राहिला.

गोपाळने उष्टा हात धोतराला पुसला आणि पुढे केला. प्रिन्सने दोरी त्याच्या हातात दिली.